मुलांसोबत गल्लीतलं पक्षीनिरीक्षण

उजाडल्यावर तासाभरात निघा. ऊन चढलं की पक्षी पानांत दडतात. पाऊण तास पुरे. फळलेल्या उंबराखाली किंवा पिंपळाखाली दहा मिनिटं नुसतं उभं राहा.

तांबटाची टुक-टुक ऐकू येते, पण तो दिसत नाही, कारण ओरडताना तो मान फिरवतो आणि आवाजाची दिशा चकवते. शेंड्याजवळच्या सुक्या फांद्या बघा: हिरवं अंग, कपाळावर लाल ठिपका.

दुर्बीण ८×३२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ३२ मिमी भिंगाची. १०× मुलांच्या हातात हलते. आधी पक्षी डोळ्यांनी धरा, नजर न हलवता दुर्बीण वर आणा. मुलं नेमकं उलटं करतात, म्हणून त्यांना नुसती पानं दिसतात.

घरटं दिसलं तर लांबूनच पुढे चला. गर्दी कावळ्यांच्या लगेच लक्षात येते, आणि ते अंडी-पिल्लं पळवतात.