थंडीत ट्राउट लागत नाही? या चुका टाळा

उन्हाळ्यात ज्या डोंगरी ओढ्यात सकाळभरात चार-पाच ट्राउट सहज लागत होते, त्याच ओढ्यात थंडीत दिवसभर लाइन टाकूनही एक ओढ जाणवत नाही. मग वाटतं, मासे गेले कुठे? बहुतेक वेळा ते तिथेच असतात. ट्राउट थंड रक्ताचा मासा, त्यामुळे पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं आणि भूकही कमी होते. ब्राउन आणि रेनबो ट्राउट साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात जोमाने खातात. पाणी ४ अंशांच्या आसपास आलं की घासासाठी हातभर सरकणंही त्यांना परवडत नाही. थंडीतल्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

पहाटेची घाई

उन्हाळ्याच्या सवयीने उजाडायच्या आत पाण्यावर पोहोचू नका. रात्रभर गारठलेल्या ओढ्यात त्या वेळी मासा तळाशी निपचित असतो. सकाळी ११ ते दुपारी ३ हा खरा वेळ. सोबत छोटा थर्मामीटर ठेवा आणि दर तासाला पाण्यात बुडवून बघा. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे बघा. ३ अंशांवरून ५ वर चढणारं पाणी मला ७ वरून ५ वर उतरणाऱ्या पाण्यापेक्षा केव्हाही जास्त भरवशाचं वाटतं. काठावर बर्फ साचला असेल तर मात्र भर उन्हातही फसगत होते: बर्फ वितळून ते गार पाणी ओढ्यात उतरतं आणि चांगलं खाणारे मासे अचानक थांबतात.

जुन्याच जागा धरून बसणं

खळाळत्या उथळ पाण्यात उभं राहायला मासा आता ताकद घालवत नाही. तो डोहात जातो, मोठ्या गोट्यांच्या आडोशाला जातो, किंवा वेगवान धार आणि संथ पाणी जिथे भेटतात तिथे संथ बाजूला तळ धरून राहतो. आपण रमतगमत चालतो त्या वेगाचं, निदान कमरेइतकं खोल पाणी आधी शोधा.

फ्लाय तळापर्यंत न पोचणं

सगळ्यात जास्त मासे याच चुकीपायी हुकतात. फ्लायला, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली कीटकाला, मासा लागत नाही म्हटलं की आपण डबी उघडून दुसरी बांधतो, मग तिसरी. खरं तर आधी वजन बदलायला हवं. निंफ (पाण्याखाली वाहणारी, कीटकाच्या पिल्लासारखी फ्लाय) माशाच्या डोक्यावरून दोन फूट उंच वाहत असेल तर ती कोणती आहे याने काही फरक पडत नाही. टंगस्टनचा मणी असलेली निंफ घ्या किंवा टिपेटवर, म्हणजे फ्लाय बांधतो त्या शेवटच्या बारीक दोऱ्यावर, छोटं वजन चढवा. इंडिकेटरपासून (लाइनवरच्या छोट्या तरंगत्या खुणेपासून) निंफपर्यंतचं अंतर पाण्याच्या खोलीच्या दीडपट ठेवून सुरुवात करा. चार-पाच फेकींत एकदा तरी गळ तळाला घासला नाही, तर अजून वजन हवं.

दुसरी अडचण वेगाची. ओढ्याचं वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं. त्यामुळे वर तरंगणारा इंडिकेटर खालच्या निंफला फरफटत नेतो. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पाण्यावरचा फेस. इंडिकेटर फेसाबरोबर किंवा त्याच्या पुढे धावत असेल तर निंफ ओढली जातेय. तो फेसापेक्षा किंचित मागे रेंगाळला, की समजा निंफ तळाच्या पाण्याबरोबर वाहतेय. लाइनला पोट पडू लागलं की ती उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. यालाच मेंड करणं म्हणतात.

एवढं सगळं जमलं तरी झटक्याची वाट बघू नका. थंडीतला मासा घास फक्त तोंडात धरतो. इंडिकेटर बुडत नाही, क्षणभर थबकतो, जणू पानाला अडला. त्या थबकण्यावर मनगट हलकेच उचला. दहातले आठ वेळा तो दगडच असतो, पण थंडीत मला मिळालेले बहुतेक चांगले मासे उरलेल्या दोन वेळांतले आहेत.

मोठी फ्लाय, जाड टिपेट

या दिवसांत पाण्यात मुख्यतः मिज नावाचे चिलटांएवढे कीटक असतात, ढगाळ दुपारी बेटिस नावाचे बारीक मेफ्लाय कीटकही निघतात. म्हणून २० ते २२ नंबरचे गळ जवळ हवेतच. (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो.) पाणी कमी आणि नितळ असतं, तेव्हा ५एक्स म्हणजे सुमारे ०.१५ मिमी किंवा त्याहून बारीक ६एक्स टिपेट वापरा.

रॉडच्या कड्यांत बर्फ जमला तर तो ठोकून किंवा लाइन जोराने ओढून काढू नका, टोक मोडतं. टोक पाण्यात बुडवून थोडं थांबा, बर्फ सुटतो. काठाला लागून गोठलेल्या कडांवर पाय देऊ नका, खालचं पाणी त्या पोखरून काढतं. वेडर्सचा (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक विजारीचा) पट्टा कायम आवळलेला असू द्या.

अंड्यांवर पाय

याबद्दल मला मनापासून सांगायचंय. उत्तर गोलार्धात ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरद ऋतूत, हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतात. मादी शेपटीने तळाची खडी उकरून खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. गार पाण्यात ती अंडी फुटायला काही महिने लागतात, आणि पिल्लं त्यानंतरही काही आठवडे खडीतच राहतात. आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळात ही जागा धुतल्यासारखी फिकट, स्वच्छ दिसते: वर एक खोलगट खड्डा, त्याच्या खालच्या अंगाला खडीचा उंचवटा. लोक खड्डा चुकवतात आणि नेमके उंचवट्यावर पाय देतात. अंडी त्या उंचवट्यातच असतात. फिकट खडी दिसली की पाण्याबाहेर या आणि काठाने पुढे जा. तिथे थांबलेल्या जोडीवर फ्लायही टाकू नका. कित्येक ओढे या काळात मासेमारीला बंद असतात, तेव्हा निघण्याआधी तिथला नियम बघून घ्या.

मासा सोडणार असाल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवा. हातमोजे काढा, हात ओले करा, कारण कोरड्या लोकरीने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. हवा शून्याखाली असेल तर फोटोसाठीही त्याला वर उचलू नका, नाजूक कल्ले काही क्षणांत गोठू लागतात. जाळीतच, पाण्याखाली गळ सोडवा, तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो स्वतःहून जाईपर्यंत हात सैल ठेवून थांबा.