चवडा दुखतोय? आधी चप्पल बघा
खानापूरकडं भातलावणी झाली की आमच्या घरी दरवर्षी हेच, आईच्या अंगठ्याच्या मुळाशी वर आलेलं हाड लाल होऊन ठणकतंय. त्याला बनियन म्हणतात, अंगठा बाकीच्या बोटांकडं वळतो आणि सांधा बाहेर येतो. पट्ट्या लावून हाड सरळ होत नाही हो, दुखणं तेवढं कमी होतंय.

पहिलं काम म्हणजे संध्याकाळी कागदावर उभं राहून पाऊल आखा, कारण तेव्हा पाय जरा सुजलेला असतोय, आणि तो कागद घेऊनच खडेबाजारात जावा, चप्पल आखणीपेक्षा अरुंद असली तर कितीही आवडू दे, घेऊ नका.

चवड्याखाली खडा टोचल्यासारखं वाटतंय, तिसऱ्या-चौथ्या बोटात जळजळ होतीय, तर बहुतेक नस दाबली जातीय, मॉर्टन न्यूरोमा. मऊ पॅड लावायचं पण दुखऱ्या जागेखाली नाही, तिच्या जरा मागं टाचेकडं, इथंच सगळे चुकतात. पोटरी ताणायचा व्यायाम रोज करा, 30 सेकंद, 3 वेळा.

शुगर असेल तर कुरूपाची पट्टी, ब्लेड अजिबात नको, जखम झालेली कळतच नाही, सरळ डॉक्टरांना दाखवा. बनियनचं ऑपरेशन दुखणं थांबतच नसेल तरच, दिसायला बरं म्हणून नको, नंतर साधारण 6 आठवडे खास बूट आणि सूज तर कित्येक महिने राहते.