स्कूटरचे गिअर ऑइल बदलताना या चुका टाळा

बिनगिअरच्या स्कूटरला गिअर ऑइल कशाला लागते, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो, आणि पुढच्या बहुतेक चुका याच गैरसमजातून होतात. चालकाला गिअर टाकावे लागत नसले, तरी पट्टा आणि क्लच यांच्याकडून आलेला वेग कमी करून तो मागच्या चाकाला देणारे गिअर चाकाशेजारच्या एका बंद पेटीत सतत फिरत असतात. या पेटीतले तेल इंजिनच्या तेलापासून पूर्ण वेगळे असते, आणि ते असते अगदी थोडे: अॅक्टिव्हासारख्या ११० सीसीच्या स्कूटरमध्ये सुमारे १२० मिलिलिटर.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चुकीचा बोल्ट उघडणे. माझ्या भाच्याने इंजिन ऑइल बदलायचे ठरवले आणि घाईघाईत चाकाजवळचा, म्हणजे गिअर पेटीचा बोल्ट उघडला. कपभर तेल बाहेर आल्यावर त्याला शंका यायला हवी होती. पण इंजिनने तेल जाळले असावे, असे समजून त्याने वर नव्या तेलाचा पूर्ण डबा रिकामा केला. त्यामुळे इंजिनमध्ये दुप्पट तेल झाले आणि गिअर पेटी कोरडी राहिली. ठाण्याहून कल्याणला जाताना मागून हुंकारासारखा आवाज येऊ लागला, तरीही तो गाडी चालवत राहिला. पेटी उघडली तेव्हा बेअरिंग तापून निळे पडले होते आणि गिअरचे दात खाल्ले गेले होते. म्हणून मी कोणताही बोल्ट सोडवण्याआधी गाडीच्या पुस्तिकेतले चित्र समोर ठेवतो आणि खडूने दोन्ही बोल्टांवर खूण करतो. पाच मिनिटे वाचवण्यासाठी हे टाळणाऱ्यांचा उतावीळपणा मला कधीच पटलेला नाही.

दुसरी चूक क्रमाची आहे. आधी भरण्याचा बोल्ट सुटतो की नाही हे पाहावे, मगच निचऱ्याचा उघडावा. वरचा बोल्ट गंजून बसलेला असेल आणि खालून तेल निघून गेले असेल, तर रिकामी पेटी घेऊन गाडी गॅरेजपर्यंत ढकलत न्यावी लागते.

निचऱ्याचा बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने आवळू नये, कारण अॅल्युमिनियमच्या पेटीतले आटे लगेच जातात. मी वॉशर दरवेळी नवा घालतो.

गाडी मधल्या स्टँडवर आणि सपाट जमिनीवर असावी. तेल अंदाजाने ओतू नये. मोठ्या सिरिंजने मोजून भरावे. जास्त भरलेले तेल सीलमधून झिरपून मागच्या ब्रेकच्या शूजवर जाऊ शकते आणि ब्रेक लागेनासा होतो. तेलाचा प्रकारही पुस्तिकेतूनच ठरवावा, कारण होंडाच्या स्कूटरना १०डब्ल्यू-३० (हा तेलाच्या दाटपणाचा क्रमांक) चालते, तर बारामतीत बनणाऱ्या वेस्पाला ८०डब्ल्यू-९० लागते.

निघालेल्या तेलात बारीक चकाकी असेल तर घाबरू नये, मात्र बोटाला लागतील असे धातूचे तुकडे आढळले, तर गाडी मेकॅनिकला दाखवावी. तेल दुधाळ दिसले, तर पेटीत पाणी शिरले आहे असे समजावे. पावसाळ्यात चाक बुडेल इतक्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर मी पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता त्याच आठवड्यात तेल काढून पाहतो.