बोलून टाइप करताना इंग्रजी चुकतंय?

उच्चार सुधारण्याच्या मागे लागण्याआधी सेटिंग उघडून बघा. अनेकदा तिथे अमेरिकन इंग्रजी निवडलेलं असतं. गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगमध्ये माइकच्या वर भाषांची यादी येते. तिच्यात भारत, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका असे इंग्रजीचे बरेच प्रकार असतात. आपल्या बोलण्याच्या जवळचा निवडा. उसनं अमेरिकन वळण आणू नका, त्याने गोंधळ वाढतोच.

दुसरं म्हणजे, शब्द तोडून तोडून बोलू नका. हे सॉफ्टवेअर आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. नुसतं ‘वेस्ट’ म्हटलंत तर पश्चिम, बनियन की कचरा, त्याला काय कळणार? ‘द सन सेट्स इन द वेस्ट’ एका दमात म्हणा, बरोबर उमटेल. वाक्य आधी मनात जुळवा, मग बोला. चूक दिसली तरी मध्येच थांबू नका, दुरुस्ती शेवटी कीबोर्डवर करा.

माणसांची नावं मात्र हमखास चुकतात. ॲपलच्या मॅक संगणकावर बोलून काम करायच्या ‘व्हॉइस कंट्रोल’मध्ये स्वतःचे शब्द भरता येतात, ती सोय वापराच.

आणि माइक तोंडाजवळचा हवा. लॅपटॉपचा माइक पंख्याची घरघरही तितक्याच मनापासून ऐकतो.