मुलांचा बँड बसवताना : आधी ठेका, मग वाद्यं

पुण्यात १२ ते १५ वर्षांची आठ-दहा मुलं बँडसाठी जमवली, की त्यात पथकात ताशा वाजवणारी एखादी मुलगी निघते. कुणी तबल्याच्या परीक्षा देत असतो, कुणी कीबोर्डच्या ग्रेड करत असते आणि दोघं-तिघं अगदी कोरी असतात. पहिल्याच दिवशी फळ्यावर कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) लिहू नका. ज्याला जे येतं ते त्याला वाजवू द्या आणि बाकीच्यांना त्यावर टाळी धरायला सांगा. कोण ऐकतंय आणि कोण नुसतंच वाजवतंय, ते तेवढ्यात कळतं.

सुरुवातीचे काही तास वाद्यं बाजूलाच राहू द्या. केरवा हा आठ मात्रांचा ठेका तोंडानं म्हणायचा : धा गे ना ती न क धी न. भजनांतून, वरातींतून तो मुलांच्या अंगात आधीच मुरलेला असतो. पायानं ठेका धरा, तोंडानं बोल चालू ठेवा. तो स्थिर झाला, की याच आठ मात्रांची १६ घरं करा आणि १, ४, ७, ११ व १३ या घरांवर टाळी द्यायला लावा. ही क्युबाची क्लावे, म्हणजे तिथल्या संगीताचा पायाचा ठेका. पहिले काही दिवस टाळी पायाला ओढून नेते. तेव्हा लय कमी करा, पण पाय थांबवू नका.

यानंतरचा धडा मला सगळ्यात प्रिय आहे. रूपक हा ताल सात मात्रांचा, ३-२-२ असा : तीं तीं ना, धी ना, धी ना. मॅसेडोनियातलं लेस्नोतो हे लोकनृत्यही सातचंच आणि तिथली विभागणीही ३-२-२. तबला शिकणाऱ्याला वाटतं, हे तर आपलंच! मग त्याला फरक ऐकवा. रूपकात सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर (टाळी न देता हात नुसता फिरवतात त्या जागी) येते. पहिल्या बोलात डग्ग्याचा घुमारा नसतो, तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला ‘धी’वर मिळतो. लेस्नोतोत मात्र जोर सरळ पहिल्या, तीन मात्रांच्या लांब गटावर. एकाला कहोनवर (हातानं वाजवायच्या लाकडी खोक्यावर) खर्जाचा ठोका आधी फक्त चौथ्या-सहाव्यावर द्यायला सांगा, मग फक्त पहिल्यावर; बाकीच्यांची टाळी तीच राहू दे. आकडे तेच, पण चाल पार बदलते. एकदा हे कानाला कळलं, की ‘सगळ्यांचं संगीत एकच’ असं गुळमुळीत बोलावं लागत नाही. मुलं साम्याइतकाच फरकही आवडीनं ऐकायला लागतात.

आता सुरांची वाद्यं. युकुलेलेवर सी आणि ए मायनर हे दोन्ही कॉर्ड एकेका बोटानं लागतात, ते कोऱ्या मुलांना द्या. बास गिटारला या दोन कॉर्डांचे मूळ स्वर पुरतात. हार्मोनियम शिकलेली मुलं पट्टी सांगतात ती काळी-पांढरीत, म्हणून ‘पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प’ असा तक्ता भिंतीवर लावून टाका. नोटेशनचा कागद पहिला महिनाभर नकोच. ऐकून उचलू द्या. वाद्यं अधूनमधून बदलत राहा, ताशावाली बासवर आणि तबलावाला गाण्याला.

नवा ठेका आणला, की तो कुणाचा हे सांगायलाच हवं. कहोन पेरूमध्ये गुलामीत राहिलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी सामानाच्या खोक्यांवरून घडवलं, हे मुलांना माहीत असलं पाहिजे.

आवाजाच्या बाबतीत मात्र कडक राहा. नदीपात्रात पथकाचा सराव केलेल्या मुलांचा हात मोकळ्यावरचा असतो. फ्लॅटच्या हॉलमध्ये तोच जोर कानांना इजा करू शकतो. माइक नसताना गाणाऱ्याचे शब्द प्रत्येकाला ऐकू आलेच पाहिजेत, हा नियम. ताशाऐवजी कहोन, ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश.

पहिला कार्यक्रम सोसायटीच्या गणपतीत, संध्याकाळी लवकर. दोन-तीनच गाणी. लय मोजून सुरुवात कोण करून देणार आणि शेवटचा ठोका कुणाच्या खुणेवर पडणार, हे मुलांनीच ठरवावं. या दोन जागांचा सराव अख्ख्या गाण्यापेक्षा जास्त वेळा करून घ्या.