‘इनअटेन्टिव्ह’ हे विशेषण कसे वापरावे
‘इनअटेन्टिव्ह’ म्हणजे लक्ष नसलेला. लॅटिनमधील ‘अटेन्डेरे’, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे मन ताणून नेणे, या क्रियापदापासून ‘अटेन्टिव्ह’ आला आणि ‘इन’ या उपसर्गाने त्याचा अर्थ उलटला. ज्या गोष्टीकडे लक्ष नाही, तिच्याआधी ‘टू’ घालावे: ‘ही वॉज इनअटेन्टिव्ह टू द ट्रॅफिक’, म्हणजे रहदारीकडे त्याचे लक्ष नव्हते. मराठीतल्या ‘कडे’चे काम इथे ‘टू’ करते. मात्र जाणूनबुजून कानाडोळा केला असेल, तर हा शब्द सहसा नेमका ठरत नाही. तिथे ‘इग्नोर’ हे क्रियापद अधिक नेमके ठरते. वर्गात खिडकीबाहेरच्या पावसात हरवून गेलेले मूल इनअटेन्टिव्ह असते. बाईंची हाक ऐकूनही मान फिरवणारे नव्हे, आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना हा फरक पाळलेला बरा. नाम हवे असल्यास ‘इनअटेन्शन’ लिहावे.