सोलर टिकवायचं असेल तर गावातलीच माणसं तयार करा

वीज न पोचलेल्या गावात सोलर लावायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष पॅनलकडे, पण पॅनल आरामात २०-२५ वर्षं चालतं, दगा देते ती बॅटरी नाहीतर एखादी सैल झालेली वायर, आणि ते बघायला जवळपास कोणीच नसतं म्हणून अख्खी सिस्टीम धूळ खात पडते. म्हणून ट्रेनिंग आधी सुरू करा, सामान नंतर येऊ दे.

माणसं निवडताना एकच बघा, ती गावात राहणार आहेत का. तरुण पोरं पटकन शिकतात पण सर्टिफिकेट मिळालं की शहर गाठतात, त्यांना तरी काय बोलणार, कमाई तिकडेच आहे. राजस्थानातल्या तिलोनिया गावच्या बेअरफूट कॉलेज या संस्थेने याच कारणासाठी बायकांना, त्यातही आज्यांना शिकवलं. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतून आलेल्या, बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नाही, एकमेकींची भाषा कळत नाही, तरी साधारण सहा महिन्यांत रंग, खुणा आणि स्वतः हाताने करून बघणं एवढ्यावर त्या सर्किट जोडायला शिकल्या. त्यामुळे दहावी पासची अट वगैरे प्लीज टाकू नका.

शिकवायची सुरुवात मल्टीमीटरपासून, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायच्या मीटरपासून करा, थिअरी नंतर. १२ व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी चार्जिंग आणि लोड (दिवे, पंखे वगैरे) दोन्ही काढून काही तास तशीच ठेवायची आणि मग मोजायची. १२.७ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. रोज अर्ध्याच्या खाली गेली तर ती लवकर मरणार, हे प्रत्येकाच्या डोक्यात बसलं पाहिजे. कंट्रोलरला, म्हणजे पॅनलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याला, आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, शेवटी लोड, काढताना बरोबर उलटं. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज हवाच, आणि बॅटरीत टॉपअपला फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही.

मग मुद्दाम बिघाड करून ठेवा, फ्यूज काढा, एखादं कनेक्शन ढिलं करा, पॅनलच्या एका कोपऱ्यावर पुठ्ठा ठेवा, आणि शोधू द्या त्यांना. थोड्याशा सावलीने करंट किती पडतो ते मीटरवर दिसलं की झाडाची फांदी छाटायला कोणाला सांगावं लागत नाही.

हिशोबही शिकवा. ५ वॅटचे ३ दिवे ५ तास म्हणजे ७५ वॅट-अवर, १५ वॅटचा पंखा ६ तास म्हणजे ९०, मोबाईलला १० धरा, झाले १७५. लेड अ‍ॅसिड अर्धीच वापरायची म्हणून दुप्पट, ३५०, त्याला १२ व्होल्टने भागलं की साधारण ३० अँपिअर-अवरची बॅटरी लागते, ढगाळ दिवसांसाठी अजून मोठी घ्या. नंतर कोणी टीव्ही जोडायचा म्हणालं तर टेक्निशियनने हाच हिशोब समोर मांडून नाही म्हणायचं.

पैशाचं सुरुवातीलाच ठरवून टाका. बांगलादेशात २००३ पासून इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेच्या प्रोग्राममधून ४० लाखांहून जास्त घरांत सोलर गेलं, बहुतेक हप्त्यांवर. फुकट दिलेल्या वस्तूची बॅटरी संपली की नवीन कोण आणणार यावर सगळे गप्प बसतात, आणि लेड अ‍ॅसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत बदलावीच लागते. म्हणून दर महिन्याला घरटी ठरलेली रक्कम गोळा करा, त्यातला एक भाग टेक्निशियनचा पगार, एक भाग बॅटरी फंड, थोडे पैसे फ्यूज, वायर, कंट्रोलरच्या स्टॉकसाठी. वही गावातल्या दोघांकडे ठेवा आणि जमाखर्च दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवा.